पलीकडच्या टोकाची पाळी

१

दोघांचे काम एकट्याच्या वाट्याला येते आणि पलीकडचे टोक कोणीतरी धरते, अशा कथांचा एक बराच मोठा गट आहे. सोयीसाठी त्याला ‘पलीकडचा हात’ असे नाव देता येईल. करवतीची कथा त्यांत सर्वांत जुनी वाटते. जोडीदार आजारी पडलेला लाकूडतोड्या दुहाती करवत ओंडक्यावर टेकवतो, आणि पलीकडची मूठ आपसूक मागे जाऊ लागते. धोबिणीच्या कथेत ओल्या चादरीला पलीकडून पीळ बसतो. कोळ्याच्या कथेत जाळ्याचे दुसरे टोक निर्मनुष्य काठावरून ओढले जाते. कष्टकऱ्यांच्या या कथांत भुताखेतांचा बडेजाव नसतो. मदत करणारा कोण, कुठला, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणाराही खोदून विचारत नाही. कथेचा सारा भार एकाच गोष्टीवर असतो: झालेल्या उपकाराची फेड कशी व्हायची.

शेवटांवरून यांचे तीन प्रकार पडतात. पहिल्यात मदतनीस स्वतःच मोबदला मागतो, आणि तो बहुधा झेपणारा नसतो. दुसऱ्यात माणसाला फेडीची योग्य रीत वेळेवर सुचते आणि दोघेही मोकळे होतात. तिसऱ्यात माणूस उपकार घेत राहतो. मग एके सकाळी शेजारी येऊन पाहतात, तर तो आपल्या नेहमीच्या जागी नसतो. पलीकडच्या बाजूला, दुसरी मूठ धरून उभा असतो, आणि हाक मारली तर ओळख देत नाही.

पुढील कथा या गटातील सर्वांत अलीकडची आहे. तिच्यात करवत नाही, जाळे नाही. मुलांच्या उड्या मारण्याची लांब दोरी आहे आणि शाळेच्या सुटीत भरणारे व्यायामशिबिर आहे. व्यायामशिक्षक आपसांत ती सांगतात, चहाच्या वेळी, आवाज न चढवता. जिच्याबाबत हे घडले तिला वरचे तीनही शेवट ठाऊक नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

२

तिला मुले शिट्टीताई म्हणत. गळ्यात शिट्टी कायम असे, पण वाजवण्याची वेळ क्वचित येई. नुसती ओठांपर्यंत नेली तरी हॉलमधला गलका निवत असे. शाळेची व्यायामशिक्षिका तीच, आणि सुटी लागली की त्याच हॉलमध्ये शिबिर भरवणारीही तीच. सकाळी पालक आपापली रत्ने दाराशी आणून सोडत. वर्षभर पडद्यापुढे वाकून पाठीला बाक आलेली, जिना चढताच धापा टाकणारी, आपण खेळणार नसून नुसते बघणार आहोत असे पहिल्याच दिवशी जाहीर करणारी ही मंडळी. एका वडिलांनी तर तिला हात जोडून सांगितले होते, की घरी आल्यावर पोरीने झोप मागावी, मोबाइल मागू नये, एवढे करा आणि बाकी काही नको.

दिवसाचा क्रम ठरलेला होता. आधी भिंतीच्या कडेने धावणे, मग गाद्यांवर कोलांट्या, मग अरुंद फळीवरून तोल सावरत चालणे, आणि सरतेशेवटी लांब दोरी. या दोरीच्या आशेवर मुले बाकीचे सगळे निमूट सोसत. दोघांनी दोन टोके धरून मोठा वळसा फिरवायचा, रांगेतून एकेकाने आत शिरायचे, उड्या मारायच्या आणि पलीकडून बाहेर पडून भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसायचे. नवख्याला दोरीत शिरण्यापेक्षा दोरीतून निघणे अवघड जाते. आत गेलेले मूल भांबावून उड्याच मारत राहते. म्हणून ताई दोन्ही वेळा एकच शब्द उच्चारी: “आता.” त्या शब्दावर आत, त्याच शब्दावर बाहेर. बाकावर आधी बसलेल्याने सरकून नव्याला जागा करून द्यायची, ही शिस्त मात्र मुलांनी आपली आपणच लावून घेतली होती.

दोरीचे आणखी दोन नियम होते, आणि तेही ताईने केलेले नव्हते. जगातल्या यच्चयावत मुलांना ते उपजतच ठाऊक असावेत. आत कोणी असेपर्यंत फिरवणाऱ्याने हात थांबवायचा नाही. आणि जो फिरवतो त्याला शेवटी त्याची पाळी मिळालीच पाहिजे. त्यामुळे रोज निघण्यापूर्वी ताईला आपले टोक एखाद्या दणकट मुलीकडे देऊन स्वतः उड्या माराव्या लागत. तिच्या पायांचा धपधप आवाज झाला की मुले हसून लोळत.

इतकी वर्षे दुसरे टोक लंबूसर धरत. यंदा ते खासगी जिममध्ये गेले होते. तिथे मोठी माणसे जागच्या जागी पळतात आणि आपण त्यांना पाणी प्यायची आठवण करतो, असे ते फोनवर सांगत. शाळेने त्यांच्या जागी माणूस दिला नाही. तेव्हा ताईने दुसरे टोक भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधले. पूर्वी त्या कडीला खेळाची जाळी ताणून बांधत. दोरीच्या टोकाची लाकडी मूठ गाठीखाली लोंबत राहिली. समोर, आपण उभे राहायचे त्या जागी, ताईने खडूने फुली मारली.

शिबिर सुटल्यावर ती हॉलभर एक फेरी मारी आणि मुलांच्या विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा करी. मागे राहिलेली बाटली तिने कधी तशीच टाकून दार लावले नव्हते.

यंदाच्या मुलांत तिची भाची होती. तान्हेपणी अंथरुणात गोल गोल फिरायची म्हणून भावाने तिला लाडाने भिंगरी म्हटले, आणि ते नाव चिकटले; प्रत्यक्षात पोर चार पावले पळाली की बसकण मारी. भावजयीचे मन तिला पाठवायला धजत नव्हते. ताईने तिची समजूत घातली, थोडे दटावलेही. पोर दमते ती बसून बसून. ही सुटी माझ्या हाती दे, मग बघ. भावजयीने मान डोलावली ती पटले म्हणून नव्हे, नणंदेच्या शब्दाखातर. पोर ताईच्या जबाबदारीवर आली होती.

३

एका टोकाला बांधलेली दोरी मुकी असते. हात आपण फिरवतो तेवढीच ती फिरते. तिचे पोट आपल्या बाजूला फुगते, भिंतीच्या बाजूला ती आळसटल्यासारखी लोंबते. दुसऱ्या माणसाने धरलेल्या दोरीचे तसे नसते. तिच्यातून उत्तर येते. पलीकडचा दमला की कळते, पलीकडच्याला हसू आले तरी मनगटाला कळते. ताई आणि लंबूसर अशी वर्षानुवर्षे एक शब्द न बोलता बोलत आले होते.

पहिले काही दिवस दोरी मुकीच होती. मग एका सकाळी रांग नेहमीसारखी सरकत असताना ताईच्या ध्यानात आले, की तिला श्रम पडत नाहीत. वळसा भरदार फिरत होता. दोन्ही बाजूंनी सारखा. जमिनीवर आपटणारा दोरीचा आवाजही बदलला होता. आधीचा फरपटलेला, आता स्वच्छ, टाळी दिल्यासारखा.

तिने मनाशी म्हटले, गाठ बसली, दोरी मऊ झाली. हे तिला पटलेही. पण वळसा वर जायच्या बेतात असतानाच पलीकडून किंचित उचल मिळत होती, आणि ती उचल गाठ देत नाही.

मुले गेल्यावर ती कडीपाशी गेली. गाठ तशीच घट्ट होती. कडी गार होती. त्या भिंतीला ऊन कधीच लागत नसे. तिने सहज लोंबती मूठ हातात घेतली आणि लगेच सोडली. लाकूड कोमट होते. नुसते कोमट नव्हे, थोडे दमट. तिच्या स्वतःच्या टोकाची मूठ रोज शेवटी व्हायची, अगदी तसे.

मुले जाता येता तिला हात लावत असतील, असे तिने ठरवले. घरी गेल्यावर आठवले, की मुले त्या बाजूला फिरकतच नाहीत. त्यांना कोणी मनाई केलेली नव्हती.

४

भिंगरी सुरुवातीला दोरीपाशी आलीच नाही. इतरांसाठी टाळ्या वाजवीत ती बाकाच्या टोकाला बसून राही. मग मुलांनी चिडवायला सुरुवात केली, आत्याची लाडकी म्हणून हिला सगळे माफ, असे म्हणू लागली, आणि एके दिवशी ती ओठ घट्ट मिटून रांगेत येऊन उभी राहिली. ताईला मनातून आनंद झाला. ती मुद्दाम सावकाश फिरवू लागली. पुढची मुलगी बाहेर पडली. भिंगरीने पाऊल उचलले, ताईने “आता” म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि दोरी खाली पडली.

ताईचा हात फिरत होता. दोरी मात्र पलीकडून सोडून दिल्यासारखी जमिनीवर निपचित पडली होती. गाठ सुटली असे समजून ती पाहायला गेली. गाठ होती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भिंगरीच्या पुढचे मूल छान उड्या मारून गेले, भिंगरीच्या मागचेही. तिची पाळी आली की दोरीतला जीव जाई. मुले हसली. दोरीला ही आवडत नाही, असा निकाल एकाने दिला. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि आत्याला ताई म्हणायचा हॉलमधला नियम विसरून ती म्हणाली, “आत्या, मी काय केलंय तिला?”

ताई चिडली. कोणावर, ते तिलाच उमगले नाही. तिसऱ्या दिवशी तिने मूठ दोन्ही हातांनी पकडली, पाय रोवले आणि जोराने वळसा दिला. फिरते की नाही बघतेच, असा तो आवेश होता. भिंगरी पुढे सरकली. त्याबरोबर पलीकडून असा हिसका बसला, की मूठ ताईच्या हातांतून निसटून हॉलच्या मध्यापर्यंत घरंगळत गेली. तळहाताची कातडी सोलवटली. कोणीच हसले नाही.

५

विचारी माणूस अशा वेळी दोष स्वतःकडे घेतो, कारण तेवढाच दोष दुरुस्त करता येतो. हाताला मलम लावताना ताईनेही तेच केले. दोरी कोण ओढणार? आपलेच मनगट अडत असणार. भावजयीची धास्ती आपण हसण्यावारी नेली, पण ती कुठेतरी हातात उतरून बसली असणार, आणि पोर पुढे आली की हातच कच खात असणार. हे स्पष्टीकरण चांगले होते. त्यात एकच खोट होती, की हिसका आपल्याकडून पलीकडे नव्हे, पलीकडून आपल्याकडे आला होता. पण ती खोट तिने त्या संध्याकाळपुरती बाजूला ठेवली. हाताला जर भीती वाटत असेल, तर भीती खरी की खोटी हे तपासून घ्यावे, असे तिने ठरवले.

भावाला तिने एवढेच सांगितले, की पोरीचा दम मला ठीक वाटत नाही. तो म्हणाला की कालपर्यंत तर तूच आम्हाला भित्रे म्हणत होतीस. भावजय उठून चपला घालू लागली.

डॉक्टरांनी भिंगरीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग तिला एका यंत्राच्या खोलीत पाठवले, तिथून दुसऱ्या. परत आल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतले. हृदयाच्या ठोक्यांत जन्मापासून दोष होता. रोजच्या चालण्याबोलण्यात तो दबून राही. पण एकसारखे, लयीत, जोराचे श्रम झाले तर ठोका चुकणार होता, आणि चुकलेला ठोका परत लागेलच याची खात्री नव्हती.

“हिनं दोरीवरच्या उड्या मारल्यात का?” त्यांनी विचारले.

“नाही. दोरी थांबली. म्हणजे, थांबवली.”

“कुणी सांगितलं थांबवायला?”

ताईने सोलवटलेला तळहात मिटला. डॉक्टरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ज्याने कोणी सांगितले त्याचे आभार माना, एवढेच म्हणून ते लिहू लागले.

भिंगरीच्या छातीत, कातडीखाली, एक छोटे यंत्र बसवण्यात आले. ठोका अडखळला तर ते त्याला सावरून घेणार होते. ती शुद्धीवर आली, खायला मागू लागली, टाके खाजतात म्हणून कुरकुरू लागली, तेव्हा भावजयीने इस्पितळाच्या बाकावर ताईचे दोन्ही हात धरले. “ताई, तुम्ही होतात म्हणून माझी पोर आहे,” ती म्हणाली. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता.

ताईने तिला पोटाशी धरले. पण दुसऱ्याच्या नावाने आलेले पार्सल आपण सही करून घ्यावे, तसे तिला वाटत राहिले.

६

दुसऱ्या दिवशी ती मुलांच्या आधी हॉलवर पोचली. वरच्या खिडक्यांतून उजेड उतरत होता. गाद्या भिंतीला रचलेल्या होत्या. ती कडीपाशी गेली, इकडेतिकडे बघून घेतले, आणि हलक्या आवाजात म्हणाली, “फार उपकार झाले.” मग स्वतःचीच लाज वाटून तिने घसा खाकरला. काही झाले नाही. मूठ लोंबत होती तशी लोंबत राहिली. मात्र त्या दिवशी दोरी अशी फिरली की अडखळणारी मुलेसुद्धा पिसासारखी उडाली, आणि ताईला आयुष्यात प्रथमच आपण हे काम करतो याचा मनापासून आनंद झाला. त्या आनंदात कृतज्ञता इतकी होती, की शेवटी घडलेली गोष्ट तिला आधी खटकलीच नाही. सगळ्यांच्या पाळ्या संपल्यावर तिने मूठ खाली ठेवली. दोरीने जमिनीलगत आणखी एक वळसा घेतला, आणि मग ती थांबली.

भिंगरी डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा येऊ लागली, फक्त बाकावर बसायला. तिला काम हवे म्हणून ताईने “आता” म्हणण्याचा अधिकार तिच्याकडे दिला. पोरीला ते झकास जमले. तिची वेळ कधी चुकली नाही.

मुलांत एक छोटी होती. ती दिवसभर प्रश्न विचारी, म्हणून तिला सगळे चौकशी म्हणत. एकदा ताई आपल्या पाळीच्या उड्या मारून घाम पुसत असताना चौकशीने कडीकडे बोट दाखवून विचारले, “आणि तिकडच्याची पाळी कधी?”

तिकडे भिंत आहे, भिंत उड्या मारत नाही, असे ताई म्हणाली. मुले हसली. चौकशी हसली नाही. फिरवतो त्याला पाळी मिळते, एवढे तिने स्वतःशी पुटपुटल्यासारखे म्हटले आणि ती पाणी प्यायला गेली.

यानंतर ताईला आपली फुली सापडेनाशी झाली. म्हणजे ती पुसली गेली नव्हती. खेळ सुरू होताना ताई तिच्यावरच उभी असे. पण शेवटी खाली पाहावे तर फुली मागे राहिलेली असे, आणि आपण भिंतीच्या बाजूला सरकलेल्या असू. रोज थोडे अधिक. तिने लंबूसरांना फोनवर सांगितले. वय झाले की पाय घसरतात, ते म्हणाले, आमच्याकडे ये, जागच्या जागी पळवतो. ती हसली, पण मग तिने विचारले की तुम्ही दोरी धरायचात तेव्हा माझ्या बाजूने कधी ओढ लागायची का. ते म्हणाले, तू कधीच ओढायची नाहीस, म्हणून तर तुझ्याबरोबर हात दुखायचा नाही.

मग ती दुपार आली. मुले गेली होती, बाटल्या टोपलीत पडल्या होत्या. भिंगरी दप्तर घेऊन दाराशी उभी होती, आणि तिचा रडवेला आवाज ताईच्या कानावर पडला. ताईने पाहिले. आपण भिंतीपाशी, कडीला पाठ लावून उभ्या आहोत. हातात लोंबती मूठ आहे. आपले नेहमीचे टोक दूर, फुलीवर पडले आहे. किती वेळ असा गेला ते तिला सांगता आले नसते.

“मी किती हाका मारल्या,” भिंगरी म्हणाली. “तू माझ्याकडे बघितलंस. आणि ओळखलंच नाहीस.”

ताई घाबरली, पण ती वेगळ्याच गोष्टीला. मूठ उबदार होती. ती सोडावी असे तिला वाटत नव्हते. जिथून आपली पोर वाचवली गेली त्या जागी आपण उभे राहावे, आयुष्यभर फिरवत राहावे, हे तिला त्या क्षणी अगदी रास्त वाटत होते. आणि समोर रडणारी मुलगी कोण, हे आठवायला तिला श्रम पडत होते.

तिने एकेक बोट सुटे केले. भिंगरीला जवळ घेऊन ती बाहेर पडली आणि जिन्यातच तिने लंबूसरांना फोन लावला. समारोपाच्या दिवशी या, ती म्हणाली. कशाला, ते विचारू नका.

७

समारोपाला पालक आले. जमीन पॉलिश करून आरशासारखी केली होती. मुलांनी कोलांट्या मारल्या, फळीवरून चालून दाखवले, पालकांनी फोन उंच धरून ते टिपले. मोबाइलचे गाऱ्हाणे आणणाऱ्या वडिलांचाही फोन उंच होता. दोरीचा खेळ ताईने त्या दिवशी ठेवला नाही. दुपारपर्यंत हॉल रिकामा झाला. भाऊ आणि भावजय फाटकाशी थांबली. भिंगरी नेहमीच्या बाकावर आपली निळी बाटली मांडीवर घेऊन बसली होती. ताईने तिला आईकडे जायला सांगितले, पण आत्याला सोडून जायचे नाही असे तिने ठरवले होते.

ताई कडीपाशी गेली आणि गाठ सोडू लागली. इतके दिवस घट्ट असलेली ती गाठ बोट लावताच सुटली. मोकळे टोक तिने लंबूसरांच्या हाती दिले.

“उड्या कोण मारणार?” त्यांनी विचारले. “मी आत गेलो तर डोकं अडकेल.”

“तुम्ही फिरवा.”

त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि थट्टा आवरली. दोघांनी दोरी ताणली, वळसा दिला. रिकामी दोरी हॉलभर घुमू लागली. जमिनीवर टाळी, मग वरचा सूं असा आवाज, मग टाळी. ताईने मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिले आणि अगदी स्पष्ट, मुलांना म्हणायची त्याच सुरात म्हटले, “आता.”

दोरी जड झाली नाही. फक्त दोन टाळ्यांच्या मध्ये आणखी एक आवाज येऊ लागला. मऊ, भरीव. लंबूसरांनी झटकन ताईकडे पाहिले. त्यांचा हात थबकणार होता.

“थांबवू नका,” ती म्हणाली. “आत आहे.”

ते फिरवत राहिले. ताईने वर बघायचे टाळले आणि नजर खाली घेतली, आणि तिथेच चूक झाली. चकाकत्या जमिनीत खिडक्यांचा उजेड उलटा पडला होता. त्या उजेडात दोरीचा वळसा उलटा फिरत होता, आणि त्याच्या मध्ये, खालून वर येत, पायांचे दोन तळवे जमिनीला आतून टेकत होते आणि पुन्हा खोल जात होते. ते लहान मुलाचे नव्हते. ताईने डोळे मिटले.

वेळ जात राहिला. मूल दमते, अडखळते, बाहेर पडते. इथे ताल रेसभरही ढळत नव्हता. लंबूसरांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या, त्यांनी मूठ या हातातून त्या हातात घेतली. ताईचा खांदा पेटला होता. बाहेर काढण्याचा शब्द तिच्या जिभेवर होता, आणि तो तिच्याने उच्चारवत नव्हता; कारण दोरीतून निघणारा कुठे जातो ते तिला ठाऊक होते. निघणारा बाकाकडे जातो. बाकावर एकटी भिंगरी बसली होती. हात गळून पडेपर्यंत फिरवायचे, आणि पुढचे पुढे, असे ताईने ठरवले. तिच्या हाताला आता कोपरापासून पुढे काही जाणवत नव्हते.

“आता,” भिंगरी म्हणाली.

तिने ते नेहमीसारखेच म्हटले, वेळ साधून, वळसा वर जात असताना. दोरीने एक टाळी दिली, मग आणखी एक. मधला आवाज नव्हता. ताईने डोळे उघडले. जमिनीत नुसत्या खिडक्या होत्या.

बाकावर भिंगरी थोडी सरकली. खेळून आलेल्याला जागा करून देताना मुले सरकत, तेवढीच. शेजारी बघून ती ओळखीचे हसली, आणि मांडीवरची निळी बाटली तिने त्या मोकळ्या जागेत ठेवली.

दोघांनी हात खाली केले. दोरी तत्क्षणी थांबली. ताईने हाक मारली; भिंगरी उडी न मारता, डॉक्टरांनी सांगितल्यासारखी सावकाश उठली आणि येऊन आत्याचा हात धरून उभी राहिली. तिचा हात उबदार होता, आणि मनगटाशी ठोका नीट लागत होता. ताईने तो बराच वेळ धरून ठेवला. लंबूसर दोरी गुंडाळत होते.

दाराशी आल्यावर भिंगरी म्हणाली, “आत्या, माझी बाटली राहिली.”

ताईने मागे वळून बाकाकडे पाहिले.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन तिने कडी लावली.